मिलोची भाकरी आणि अलाबामाची चवळी

माँटगोमेरी, अलाबामा
ऑगस्ट, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

पार्सल मिळालं. शेंगाचटणीची पुडी फुटली नाही, ज्वारीच्या पिठालाही वास लागलेला नाही. काळ्या मसाल्याचा डबा मात्र कस्टमवाल्यांनी उघडलेला दिसतो, झाकणावर त्यांची चिकटपट्टी होती. उघडणाऱ्याला चांगला ठसका लागला असणार.

रोज फोनवर बोलतो तर पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. फोनवर आई दोनच गोष्टी विचारते. जेवलास का, आणि नोव्हेंबरात आम्ही तिकडं येऊन खायचं काय. पहिल्याचं उत्तर रोज देतो. दुसऱ्याचं जरा लांबलचक आहे, म्हणून लिहायला बसलो.

आई, तुझ्या डोक्यात अमेरिका म्हणजे पाव आणि पिझ्झा. तेही आहेच. पण इथं दक्षिणेत घरातलं जेवण बघशील तर चवळी, भेंडी, रताळी, मका, भुईमूग, ताक आणि पालेभाजी. यातली चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून आली, गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर. ज्वारीही मूळची तिकडचीच. चवळी आणि ज्वारी आफ्रिकेतूनच आपल्याकडंही आली, हजारो वर्षांपूर्वी. भुईमूग, मका, रताळी मात्र अमेरिका खंडातून आपल्याकडं गेली. तेव्हा तू इथं येऊन परकं असं फारसं काही खाणार नाहीस. फक्त भाजीत डुकराचं हाड नाही ना, एवढं विचारायचं. ते मी विचारीन.

शेजारच्या आजी तुम्हाला व्हिडिओवर माहीत आहेत. ऐंशीच्या आसपासच्या, ताठ, रविवारी चर्चला जाताना टोपी घालणाऱ्या. आम्ही इथं राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी फॉइलनं झाकलेलं पातेलं दारात आणून दिलं होतं. आत कॉलर्डची भाजी. कोबीच्याच जातीची, पण गड्डा न धरणारी, हाताच्या पंजाहून मोठी पानं. आम्ही मांस खात नाही हे ऐकल्यावर त्या पातेलं परत घेऊन गेल्या. चिडल्या असतील असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसरं पातेलं आलं. हाडाऐवजी कांदा, लसूण आणि लाल मिरची घातलेलं.

त्यांच्या हाताखाली ही भाजी मी शिकलो. सिंकमध्ये पाणी भरून पानं बुडवायची, वर काढायची, तळाशी साठलेली माती बोटांनी चाचपून बघायची. माती लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलायचं. मधला जाड दांडा एका ओढीत उपटायचा, पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करायची आणि आडवी चिरायची. मग मंद आचेवर तासभर, कधी जास्त. आपण पालेभाजी इतकी शिजवली तर तू म्हणशील, जीव घेतलास तिचा. पण कॉलर्ड राकट असते, तिला वेळ लागतो. वरून व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हिरव्या मिरच्यांचं पाणी शिंपडतात. बाबांना ते आवडणार, मी पैज लावतो.

भाजी संपली तरी तळाला उरलेलं हिरवं पाणी कुणी टाकत नाही. पॉटलिकर म्हणतात त्याला. आजी सांगतात की गुलामगिरीत भाजी मालकाच्या टेबलावर जायची आणि हे पाणी रांधणाऱ्यांना राहायचं, सगळं सत्त्व त्यातच असायचं. त्यात मक्याचा कॉर्नब्रेड बुडवून खातात. बुडवून की कुस्करून, यावर मात्र इथं एकमत नाही. 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या वर्तमानपत्राचे संपादक यांच्यात यावरून जाहीर वाद झाला होता. लाँग बुडवण्याच्या बाजूचे, संपादक कुस्करण्याच्या. वाचकांची पत्रं आली, पुढारी पडले मध्ये. तेव्हा बाबा, आमटीत भाकरी कुस्करून वर तेल घेणारा माणूस या वादात कुठल्या पक्षात बसेल हे मी आजींना आधीच सांगून ठेवलंय. त्याही कुस्करणाऱ्यांतल्या.

कॉर्नब्रेड बिडाच्या तव्यात करतात. जाड, काळा, काठ उंच, तुझ्या बिडाच्या तव्याचा थोरला भाऊ. शेजारच्या आजींचा तवा त्यांच्या आजीचा आहे. साबण लावायचा नाही, पुसून तेलाचा हात फिरवून ठेवायचा. तवा आधी भट्टीत चांगला तापवतात, मग ताकात भिजवलेलं मक्याचं पीठ त्यात ओततात. ओतताना चर्र आवाज आला नाही तर आजी भट्टीचं दार बंद करतात आणि तवा पुन्हा आत घालतात. त्या आवाजानं खालची कड खरपूस धरते म्हणे. साखर घालणारे लोकही आहेत, पण त्यांच्याबद्दल या घरात चांगलं बोललं जात नाही.

आता मुख्य गोष्ट. बाबा, त्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही मिलोचं, म्हणजे त्या अमेरिकन लाल ज्वारीचं, बोललात ते.

झालं असं की तुम्ही आधी पाठवलेल्या पिठाच्या मी भाकरी थापत होतो. त्या माझ्या भाकरीला तडे जातातच, आई, हसू नकोस. आजी बघत बसल्या होत्या. पीठ कसलं म्हणून त्यांनी विचारलं, चिमूटभर जिभेवर टाकलं आणि त्यांना एकदम लाउंड्स काउंटीतलं लहानपण आठवलं. त्यांचे वडील बटईनं कापूस करायचे. घराच्या मागं थोडी गोड ज्वारी लावायचे, नुसत्या रसासाठी. ताटं खेचराच्या घाण्यात पिळायची, रस पसरट काहिलीत आटवायचा, वरचा हिरवा फेस काढत राहायचं. फेस काढायचं काम पोरांचं. वर्षभर सकाळी बिस्किटावर तेच, साखर विकत घ्यायची ऐपत नव्हती. इथं बिस्किट म्हणजे आपलं चहातलं नव्हे, गरम फुगलेला मऊ पाव. तेवढ्यात तुमचा फोन आला. मी मधे उभा राहून दुभाष्याचं काम करत होतो. तुम्ही म्हणालात, “अरे हे तर गुऱ्हाळच की!” आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, तुम्ही 72 सालावर गेलात.

रेशनवर आलेला लाल मिलो, अमेरिकेचा. त्याची भाकरी गरम असेपर्यंत खायची, गार झाली की चामडं. गावात लोक म्हणायचे, तिकडं जनावरांना घालतात ते आपल्याला पाठवलंय. माझी आजी, तुमची आई, खडी फोडायच्या कामावर जायची आणि तिथं मिळालेली सुकडी, मजुरांना वाटायचे ते गोड खाणं, स्वतः न खाता पदरात बांधून आणायची, तुम्ही आणि काका वेशीवर वाट बघत उभे. हे मी कधी ऐकलं नव्हतं. दुष्काळ पडला होता, लोकांनी सोसलं, एवढंच तुम्ही सांगायचात. पदराचं, वेशीचं कधी नाही.

मी आजींना इंग्रजीत सांगितलं. मिलो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “हो, आम्ही तो कोंबड्यांना घालायचो.” म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण तुम्ही तिकडं खदाखदा हसलात, “सांग त्यांना, गाववाले बरोबर म्हणत होते!” त्याही हसल्या. मग दोघं आपापल्या भाषेत कितीतरी वेळ बोलत होतात, मी अर्धंही भाषांतर करत नव्हतो. आई, तू मागून म्हणत होतीस, “अहो, बिल येईल.” व्हिडिओ कॉलला बिल येत नाही गं.

तेव्हापासून मनात आहे की आपल्या घरातलं बोलायला बाबांना सात समुद्रापलीकडची बाई लागली. तक्रार करत नाही. मुलांना असं सांगायचं झालं की बाप अवघडतो. परक्या माणसाला भाकरीवरून सांगताना ते सोपं जातं बहुतेक. आजींच्या मुलीनंही खेचराच्या घाण्याची गोष्ट त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकली, ती शिकागोत असते.

इथल्या जेवणाचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र मला टोचते. दक्षिणेचा पाहुणचार फार मोठा, असं सगळे सांगतात. तो खराच आहे. पण ज्या काळ्या बायका हे सगळं रांधायच्या त्यांना त्याच टेबलावर बसायची, हॉटेलच्या पुढच्या दारानं आत यायची मुभा नव्हती. आणि हे फार जुनं नाही, आजींच्या डोळ्यांदेखतचं आहे. आपल्याकडं तरी काय वेगळं होतं? गावातल्या हॉटेलातली बाहेर टांगलेली वेगळी कपबशी तुम्हीच मला दाखवली होतीत. पंगत कुणाची आणि वाट बघणं कुणाचं, हा हिशोब दोन्हीकडं होता.

याच गावात त्याला रांधणाऱ्या बायकांनीच उत्तर दिलं. 5 डिसेंबर 1955 पासून माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार घातला, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाल्यावर. तो 381 दिवस चालला. लोक चालत कामाला जायचे, नाहीतर सामायिक गाड्यांतून. त्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसे लागायचे. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी बायका जमवल्या. त्या घरी पाउंड केक, रताळ्याचे ‘पाय’ (म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला इथला गोड पदार्थ), तळलेलं चिकन करून विकायच्या आणि पैसे सभेत आणून द्यायच्या. नावं सांगितली तर गोऱ्या मालकिणी कामावरून काढतील, म्हणून पैसे कुठून आले विचारलं की उत्तर ठरलेलं, कुठूनच नाही. गटाचं नावही तेच पडलं. कोर्टात साक्ष दिली म्हणून गिलमोरबाईंची नोकरी गेली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना घरातच खानावळ काढायला सांगितलं, पैशाची मदतही केली. पुढं किंग यांच्या बैठका त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर झाल्या. आजी तेव्हा दहा वर्षांच्या, इथं मावशीकडं राहायच्या. मावशी सभेहून येताना कधी पायचा तुकडा कागदात गुंडाळून आणायची. आजींना भाषणं आठवत नाहीत, पायमधलं जायफळ आठवतं.

गिलमोरबाई 7 मार्च 1990 ला वारल्या. काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला त्या दिवशी पंचवीस वर्षं झाली होती आणि त्या निमित्तानं निघालेल्या मोर्चेकऱ्यांसाठी गिलमोरबाई स्वयंपाक करत होत्या. ते जेवण मग त्यांच्याच घरी भेटायला आलेल्या माणसांना वाढलं.

त्यावरून आठवलं. गेल्या हिवाळ्यात आजींचे भाऊ गेले, तेव्हा काय न्यायचं म्हणून मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, पिठलं-भात ने, दुःखाच्या घरी गोड नेऊ नये. इथं उलट. टेबलावर केकच केक, पाय, मॅकरोनी, मसाला भरलेली अंडी. चूल पेटवायची नाही असा काही नियम नाही, पण पेटवायची वेळ कुणी येऊ देत नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं नाव, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जातं. मी पिठलं तुझ्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यातून नेलं, काठावर तुझं नाव नि मामांचं नाव कोरलेला. आजींच्या बहिणीनं बोट फिरवून विचारलं, हे काय लिहिलंय. सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे पट्टी निघून जायची भीतीच नाही.” पिठलं सगळ्यांनी चमचा चमचा घेतलं, खरं सांगायचं तर फार खपलं नाही. डबा परत आला तो सोललेल्या पेकननं, अक्रोडासारख्या फळांनी, भरून, त्यांच्या अंगणातल्या झाडाचे.

आता नोव्हेंबरचं. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाला, आपण सगळे आजींकडं आहोत, हे ठरलंय. टर्कीकडं आईनं बघायचं नाही, बाकीचं टेबल तिचं. भेंडी इथं मक्याच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळतात, चिकट होत नाही, तेव्हा तुझी नेहमीची तक्रार चालणार नाही. 1 जानेवारीला चवळी-भात आणि कॉलर्ड प्रत्येक घरात, चवळी म्हणजे नाणी नि पानं म्हणजे नोटा, वर्ष बरकतीचं जातं म्हणतात. बाबा, तुम्ही वर्गात ज्यांची गोष्ट सांगायचात ते कार्व्हर इथून पाऊण तासावर होते, टस्कीगीला. कापसानं कस गेलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी लावा म्हणून शेतकऱ्यांना सांगत फिरले ते याच भागात. तिथं एक दिवस जाऊ. वाटेत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात, ओल्या, गरम. आपल्यासारख्याच, फक्त मीठ बेताल.

एक काम आहे. आजींना सुकडी करून बघायचीय. मला येत नाही आणि आईनंही कधी केलेली नाही, हे मला माहीत आहे. बाबा, त्यात काय काय लागायचं, गोड किती होती, कोरडी की तुपकट, जेवढं जिभेला आठवतं तेवढं पुढच्या रविवारी फोनवर सांगा. त्या वही घेऊन बसणार आहेत. मीही बसेन.

चिनू बरी आहे, दात पडलाय पुढचा. सौ. चा नमस्कार.

तुमचा
बाळू

ता. क. बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, इथं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. गोळ्या हातातल्या बॅगेत. मसाला मोठ्या बॅगेत, आणि विचारलं तर आहे म्हणून सांगायचं, लपवायचं नाही.