लिफ्टमधला चेंडू

प्रिय मनू,

तू सांगितलेला तो जर्मन पिक्चर, द लाइव्ज ऑफ अदर्स, काल एकदाचा बघितला. आई अर्ध्यातच झोपली.

1984 चं पूर्व बर्लिन, श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, कॅप्टन वीसलर माळ्यावर हेडफोन लावून बसतो आणि खाली नाटककाराच्या घरात कोण काय बोललं ते टाइप करतो. सुरुवातीला काय कोरडा माणूस आहे तो, चौकशीत झोपू द्यायचं नाही हे वर्गात शिकवतो आणि एक पोरगा हे अमानुष नाही का विचारतो तर गुपचूप त्याच्या नावापुढे फुली. खुर्चीवरचं कापड बरणीत, कुत्र्यांना वास द्यायला! मला वाटलं पिक्चरवाल्यांनी घुसडलंय, पण खरंच करायचे ते.

सगळे पियानोच्या सीनचं कौतुक करतात, मला मात्र लिफ्टमधला लहान मुलगा लक्षात राहिला. बाबा म्हणतात श्टाझीवाले वाईट असतात, असं बोलून जातो बिचारा, आणि वीसलर सवयीने नाव विचारायला तोंड उघडतो, मध्येच अडखळतो आणि चेंडूचं नाव विचारतो. तिथेच बदलला तो. पुढे रिपोर्टमध्ये चक्क थापा लिहायला लागतो, खाली लेनिनवर नाटक लिहितायत म्हणून.

असा ऑफिसर एकही झाला नाही म्हणून होएनशॉनहाउझेनच्या तुरुंग-स्मारकाच्या प्रमुखांनी तिथे शूटिंगला नकार दिला होता. बरोबरच आहे त्यांचं, शेवटी शेवटी नुसते पगारीच 90 हजारांवर लोक होते श्टाझीत, त्यात एक वीसलर दाखवला की बाकीचेही उगाच धुतले जातात. तरी मला तो पटला, का ते सांगतो.

बारावीत तुझा जुना फोन माझ्याकडे होता ना, त्यावर तुझं व्हॉट्सअ‍ॅप चालूच राहिलं होतं आणि मी चार महिने वाचत होतो. आईनेच बसवलं होतं म्हण. पहिले पंधरा दिवस तिला सगळं सांगितलं. मग एका रात्री तू मैत्रिणीला लिहिलंस की बाबांना फिजिक्स येत नाही पण मी रडले की ते पुस्तक घेऊन शेजारी बसतात. त्यानंतर आई विचारायची काय चाललंय, मी म्हणायचो डाउट सोडवतायत. अलिबागलाही तुम्ही डाउटच सोडवत होतात.

चिडशील, चीड.

लिश्टेनबर्गमधलं श्टाझी म्युझियम बघून ये आणि फोटो पाठव. आणि हो, तुझं लोकेशन शेअरिंग अजून चालू आहे, परवा रात्री दीडला आलेक्झांडरप्लात्झला होतीस, आईला मी लायब्ररी सांगितलंय.

बाबा