बाबा, रविवारचा क्लास कशाला ते सांगते

गंगापूर रोड, नाशिक

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "आता हेड झालीस ना, मग रविवारी सकाळी कसला क्लास?" आई मागून म्हणाली, "वेळेवर जेवते का ते विचारा आधी." जेवते गं. पण क्लासचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या इंटरनेटवरच्या व्हिडिओंच्या कामात शिकलेलं फार दिवस पुरत नाही, बाबा. वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, हे बघायला गूगलचं जे साधन मी वर्षानुवर्षं वापरलं, त्याने १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणं बंद केलं. त्याच्या जागी आलेलं साधन मोजतं तेच वेगळ्या पद्धतीने. ज्याला जुनं तोंडपाठ होतं त्यालाही पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तर लाखो लोक पाठीशी असलेल्या खेड्यापाड्यातल्या पोरांना दुसरीकडे जाऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

आई, माझ्या व्हिडिओला किती लाख व्ह्यूज आले हे तू मावशीला, काकूला सांगतेस. तुझा आवाज ऐकून मलाही आनंद होतो. पण तो आकडा जपून सांग. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा, व्ह्यू मोजायची रीत बदलली. आता व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी तो मोजला जातो, मग बघणाऱ्याने अंगठ्याने लगेच पुढे सरकवला तरी चालतं. म्हणजे आमचं काम होतं तसंच राहिलं आणि आकडा मात्र वाढला. ही वाढ मी स्वतःची कशी म्हणू? लोक शेवटपर्यंत थांबले का, त्यांनी खाली काय विचारलं, हे मी बघते. खरं काय ते तिथे कळतं.

द्राक्षाच्या कामात याचा चांगला अनुभव आला. निफाडकडच्या एका बागायतदारांसाठी आम्ही व्हिडिओ करत होतो. ड्रोन, हिरवेगार मांडव, सकाळचं ऊन, असा सगळा बेत ठरला होता. ते काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, बाग आमच्या दारातच आहे, ती काय बघायची? गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली की शेतकरी रात्री मोबाइल घेऊन बसतो. छाटणी काडीच्या कुठल्या डोळ्यावर घ्यायची, डोळे फुटायला पेस्ट कधी लावायची, पाऊस लांबला तर काय करायचं, ते दाखवा." मी वही काढली आणि त्यांच्यासमोर ओट्यावर बसून सगळं लिहून घेतलं. प्रेक्षक म्हणजे कोण, हे मला कुठल्याच कोर्सने इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. तो व्हिडिओ साधाच झाला, पण त्याखाली शेतकऱ्यांचे प्रश्न अजून येतात आणि काका सवड काढून उत्तरं सांगतात.

ऑफिसात नवा आलेला मुलगा माझ्याहून कितीतरी लहान आहे. उभ्या व्हिडिओचं एडिटिंग मी त्याच्याकडून शिकते. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसते आणि समजलं नाही की पुन्हा विचारते. सुरुवातीला तो अवघडायचा, आता बिनधास्त चुका दाखवतो. हेड झाल्यावर माणसं आपल्याला चुका सांगेनाशी होतात, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

हे मी घरीच पाहिलंय, बाबा. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात तुमचा हात धरणारं प्रेसमध्ये कोणी नव्हतं. उलटी अक्षरं तुम्ही सुलटीसारखी भराभर वाचायचात. मग डीटीपी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवणं. तुमच्या बरोबरीच्या काही जणांनी "आता या वयात?" म्हणून काम सोडलं. तुम्ही पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढलात आणि जेवणं झाली की त्यावर बोटं फिरवत बसायचात. शिकवणारा मुलगा कॉलेजात जाणारा होता, तरी तुम्ही त्याला "सर" म्हणायचात. मी तेव्हा शाळेत होते, पण ते "सर" माझ्या कानात पक्कं बसलं.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात घेऊन जायचात तेव्हा तुम्ही अभिमानाने सांगायचात, "हे आधी आपल्याच धंद्यातले." त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब, लोणावळ्याला छापखाना काढलेले. चाळिशी उलटल्यावर १९१२ साली लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र शिकून आले, आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चित्र घेत बसले. बोलपट आला तेव्हा त्यांचा काळ मागे पडला, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता त्यांचा विचार करते तेव्हा त्या कुंडीसमोर बसलेला माणूसच आधी आठवतो.

आता माझं एक काम आहे. व्हिडिओखालची मराठी अक्षरं हल्ली मशीनच उमटवतं. वेळ वाचतो, पण ऱ्हस्व-दीर्घाची दैना होते, आणि बागलाणातलं कोणी अहिराणीत बोललं की मशीन भलतंच काहीतरी लिहून मोकळं होतं. माझ्या टीमला प्रूफ वाचायला कोणी शिकवलेलंच नाही. बाबा, पितृपक्ष आटोपला की आठवडाभर इकडे या आणि पोरांना प्रूफाच्या खुणा शिकवा. आई, तूही ये. अहिराणीच्या क्लिप्स तुला ऐकवायच्या आहेत, तुझ्यासारखी ती भाषा आमच्यात कोणाला येत नाही. दोघांसाठी खोली आवरून ठेवते. गाडीचं तिकीट काढू का, ते कळवा.

तुमची,
धाकटी