ज्वालामुखीची भीती घालवा, घरांच्या भिंती सावरा

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य

विषय : डहाणू-तलासरीतील भूकंप आणि घरकुलांची बांधणी

महोदय,

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या भागात भूकंपाचे हादरे सुरू झाले. २०१९च्या सुरुवातीला घराबाहेर तंबूत झोपलेली माणसं आपल्या खात्यालाही आठवत असतील. केंद्र फार खोल नसल्याने हादऱ्याबरोबर जमिनीतून गडगडही ऐकू येते. मग वर्गात प्रश्न ठरलेला असतो, "बाई, खाली ज्वालामुखी आहे का?"

मुलांचं चुकत नाही. पायाखालचा काळा दगड लाव्हाचाच, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं शेजारच्याच ठाणे जिल्ह्यात. पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. ज्या उष्ण स्रोतातून तो आला असं मानतात, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड तिथून केव्हाच उत्तरेला सरकला. कुंडांतलं पाणी पावसाचंच. भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच वर येतं. जपानमध्ये एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, दुसऱ्याखाली जातो, म्हणून तिथे भूकंपही होतात आणि शिलारस, म्हणजे वितळलेला खडकही तयार होतो. आपल्याकडे शिलारस नाही, जुने भ्रंश, म्हणजे खडक सरकतात त्या खोल भेगा, मात्र आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खडकांवर ताण साचतो, घर्षण कमी पडलं की ते एकदम सरकतात. तोच भूकंप.

ज्वालामुखी नाही म्हणून निर्धास्त राहावं, असं मात्र अजिबात नाही. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या पाण्याचा दाब भेगांत उतरून आधीच ताणलेला भ्रंश सरकला, असं शास्त्रज्ञ सांगतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत तर कोणाच्या ध्यानीमनी नसलेला भ्रंश हलला आणि हजारो माणसं दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली. माणसं मारली ती भिंतींनी.

आमच्याकडची कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरं हलकी असतात, हादऱ्याबरोबर डोलतात. आता त्यांच्या जागी विटांची घरं येत आहेत. त्यातल्या काहींत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढलेली भेग मी पाहिली आहे; बोट आत जातं. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या तुळईच्या, पातळीला चारही भिंतींना बांधणारा सळईचा काँक्रीट पट्टा तिथे नव्हताच.

म्हणून विनंती अशी. घरकुलाचा पुढचा हप्ता सोडण्यापूर्वी अभियंत्याने हा पट्टा आणि कोपऱ्यांची जोडणी जागेवर येऊन तपासावी. ज्या घरांना तडे गेले आहेत, त्यांच्या मजबुतीकरणासाठी वेगळा निधी द्यावा. आणि प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर त्याची तीव्रता, केंद्र आणि घ्यायची काळजी त्याच दिवशी ग्रामपंचायतीत मराठीत आणि वारलीत सांगितली जावी.

आपली,
डहाणू तालुक्यातील एक विज्ञान शिक्षिका