बेथलेहेमच्या बायकांच्या घराबद्दल पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 मध्ये आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत जागा मिळाली तेव्हा तुमच्या पेपरात पानंच्या पानं आली होती, सगळी वाचली, खूप अभिमान वाटला. पण त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2024 मध्ये, युनेस्कोच्या कमिटीची बैठक चक्क नवी दिल्लीत झाली होती आणि तिथे मोरेव्हियन चर्चच्या (हा एक जुना प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) जुन्या वस्त्यांना या यादीत घेतलं, त्यात मी राहतो तिथून जवळचं, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं बेथलेहेम पण आहे. आपल्याकडे तेव्हा आसामच्या मोईदामची (आहोम राजघराण्याच्या दफनाच्या टेकड्या) बातमी गाजली, ते बरोबरच होतं, पण बेथलेहेमबद्दल मराठीत काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

बेथलेहेम म्हटलं की इथल्या लोकांना स्टीलचा कारखाना आठवतो. पण गाव वसवलं 1741 मध्ये, जर्मनीतल्या हेर्नहूटहून आलेल्या मोरेव्हियन लोकांनी. यांची पद्धत अशी की माणसं कुटुंबाने राहायची नाहीत, वय आणि लग्न बघून गट पाडलेले, अविवाहित पुरुष वेगळे, अविवाहित बायका वेगळ्या, विधवा वेगळ्या, आणि सुरुवातीच्या वर्षांत तर नवरा-बायको पण आपापल्या गटात. गटाचं एकत्र घर, एकत्र जेवण, माळ्यावर एकत्र झोपायची जागा. 1762 पर्यंत कोणालाच पगार नव्हता, सगळ्यांची मेहनत एका खात्यात आणि अन्न-वस्त्र-निवारा त्यातूनच.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अविवाहित बायकांचं घर, सिंगल सिस्टर्स हाऊस. दगडी इमारत, 1744 ला पुरुषांसाठी बांधली, 1748 मध्ये ते शेजारच्या मोठ्या घरात गेले आणि बायका जवळच्याच नाझरेथ गावाहून इथे राहायला आल्या. जागा पुरेना म्हणून 1752 ला वाढवली, नंतर 1773 च्या सुमारास परत. सूत कातणं, विणणं, शिवण, भरतकाम, धुणं ही सगळी कामं बायकाच करायच्या, आणि 1762 नंतर स्वतःच्या कमाईतून घराचा खर्च भागवायच्या. घराचा कारभार पण बायकांकडेच. या गटाची सुरुवात झाली हेर्नहूटला 4 मे 1730 रोजी, अठरा जणी एकत्र आल्या आणि त्यांची प्रमुख अ‍ॅना निचमन, तेव्हा चौदा वर्षांची! डोक्यावरच्या टोपीची रिबन बघून कोण कुठल्या गटातली ते कळायचं, अविवाहितांची गुलाबी, लग्न झालेल्यांची निळी, विधवांची पांढरी.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शेजारचं पुरुषांचं घर सैन्याचं हॉस्पिटल झालं, कितीतरी जखमी आणि आजारी सैनिक तिथे दगावले. पण सप्टेंबर 1777 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या (तेव्हाच्या संसदेच्या) सभासदांनी सह्या करून लेखी कळवलं की बायकांच्या घरांना कोणी त्रास द्यायचा नाही, आणि ही घरं वाचली. पुढच्याच वर्षी इथल्या बायकांनी अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश सेनापती पुलास्कीच्या तुकडीसाठी झेंडा भरतकाम करून दिला, तो आजही बाल्टिमोरच्या म्युझियममध्ये आहे.

सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. लग्नाला मंजुरी द्यायची की नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं आणि हा नियम 1818 पर्यंत चालला, लहान मुलं आईबापापासून लांब वाढवली जायची. चर्चच्या मालकीचे आफ्रिकन गुलाम होते ही गोष्ट कुठल्याही टूरमध्ये आधी सांगितली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तरी त्याच गावच्या कबरस्तानात जर्मन, आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन माणसं शेजारी शेजारी पुरलेली आहेत, सगळ्यांचे दगड आडवे आणि साधे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

आपल्याला हे घर जवळचं का वाटावं तर विधवांचं घर इथे 1768 ला उभं राहिलं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 मधलं, कर्व्यांचा आश्रम 1896 मधला. रमाबाई तर डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी 1886 मध्ये याच राज्यात, फिलाडेल्फियाला आल्या होत्या. दोन्हीकडची कारणं पूर्ण वेगळी, इथे धर्माची शिस्त आणि तिकडे समाजाने टाकलेल्या मुलींना आधार, पण एकटीने राहणाऱ्या बाईला छप्पर, काम आणि शिक्षण एकाच ठिकाणी मिळणं ही गोष्ट दोन्हीकडे दिसते.

माझी विनंती एवढीच की किल्ल्यांवर जशी पुरवणी काढलीत तशी एक अशा राहत्या घरांवर काढा, हिंगण्याची कर्व्यांची झोपडी, केडगावचं मुक्ती मिशन यांचे जुने फोटो, तिथल्या बायकांचा दिवस कसा जायचा, कोण काय काम करायचं, जमाखर्च कसा ठेवायच्या, हे सगळं त्यात येऊ दे. बेथलेहेमचे फोटो लागले तर मी काढून पाठवतो.

आपला,
एक वाचक
अ‍ॅलनटाउन, पेनसिल्व्हेनिया