गाणं नुसतं डाउनलोडवर ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका तरुण गायकाची मुलाखत वाचली, तो म्हणतो की सीडी-बिडी आता काही काढणार नाही, अल्बम फक्त ऑनलाइन, डाउनलोड करा आणि ऐका. मी नंदनवनमधल्या एका भजनी मंडळात बावीस वर्षांपासून पेटी वाजवते आणि आमच्याकडेही सध्या हाच वाद चालू आहे, म्हणून राहवलं नाही.

आधी हे सांगते की मी डाउनलोडच्या विरोधात अजिबात नाही. २००९ साली आम्ही पहिली सीडी काढली तेव्हा हजार कॉपीच्या खाली कोणी बोलायलाच तयार नव्हतं, कव्हर छापणं, स्टुडिओ, सगळं मिळून मंडळातल्या बायांनी भिशीचे पैसे त्यात घातले आणि त्यातल्या तीन-साडेतीनशे सीडी अजून माझ्या दिवाणात पडल्या आहेत. आणि गेल्या दिवाळीला माझ्या भाच्याने घरातल्या खोलीत गाद्या लावून आमची चार भजनं रेकॉर्ड केली, संध्याकाळी नेटवर टाकली आणि रात्री जेवणाच्या आधी माझ्या नणंदेचा मस्कतहून फोन, वहिनी ऐकून राहिले, रडू आलं! गडचिरोलीतल्या वडशाकडे झाडीपट्टीची लोकनाटकं होतात, त्यातले गाणारे घ्या, आवाज असा की मंडपाच्या बाहेर उभं राहून ऐकावं, पण त्यांच्यासाठी मुंबईची कंपनी कधी येणार होती? त्यांना आता कोणाचे पाय धरायची गरज नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

पण "फक्त" ऑनलाइन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आम्ही ते भोगलंय. मधल्या काळात आम्ही सहा भजनं एका डाउनलोडच्या साइटवर ठेवली होती, सीडी काढलीच नाही, कशाला खर्च म्हणून. काही वर्षांनी ती साइट बंद झाली, ज्या मेलवर त्यांनी कळवलं तो मेल कोणी उघडतच नव्हतं. ज्या पोट्ट्याच्या कॉम्प्युटरमध्ये मूळ फाइली होत्या तो कॉम्प्युटर भंगारात गेलेला. चार भजनं कोणाकोणाच्या मोबाइलमधून गोळा झाली, दोन गेली ती गेलीच. त्यातल्या एकात आमचे खंजिरीवाले काका होते, त्यांच्या हाताचं तेवढंच एक चांगलं रेकॉर्डिंग होतं, काका आता नाहीत आणि त्यांची नात मला विचारते काकू आजोबांचं ते भजन आहे का तुमच्याकडे. काय सांगू तिला?

कोणी म्हणेल छोट्या साइटवर ठेवलं म्हणून असं झालं. मायस्पेस, जगभरातले लोक जिथे आपली गाणी टाकायचे ती साइट, छोटी नव्हती. २०१९ ला त्यांनी जाहीर केलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी टाकलेली गाणी उडाली, पाच कोटींच्या वर गाणी असतील असं तेव्हा बातम्यांमध्ये आलं होतं, त्यातली किती जणांची दुसरीकडे कुठेच नसतील. आणि दुसरीकडे बघा, त्या काळच्या नामवंत गायिका गौहर जान यांचं गाणं १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला रेकॉर्ड झालं, ते आज आपण ऐकू शकतो कारण तबकड्या लोकांच्या घरात राहिल्या, कोणी माळ्यावर ठेवल्या, कोणी जुन्या बाजारातून उचलल्या. तीन मिनिटांचं गाणं संपलं की त्या स्वतः इंग्रजीत नाव सांगायच्या, माय नेम इज गौहर जान, कारण तबकडी बनायला जर्मनीला जायची आणि तिथल्या माणसांना लेबलवर कोणाचं नाव टाकायचं ते कळायला पाहिजे.

आणि नावाचीच तर माझी दुसरी तक्रार आहे. आमच्या सीडीच्या कव्हरवर सगळ्यांची नावं होती, शब्द कोणाचे, चाल कोणाची, तबला कोण, टाळ कोण, कोरसमधल्या अकरा बायांची सुद्धा. डाउनलोड केलेल्या फाइलवर काय दिसतं तर ट्रॅक शून्य चार. फाइलच्या आत नावं भरायची सोय असते, मला माहीत आहे, पण घाईत कोणी भरत नाही आणि व्हाट्सअपवर दोनदा फिरली की त्या फाइलला कोण कुठली विचारायचीच सोय राहत नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, चांगलंच झालं, पण गाण्यासोबत नावच फिरत नसेल तर पैसे कोणाकडे पोचणार.

आवाजाचंही सांगते. साध्या १२८ केबीपीएसच्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीत पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीत बसतं, सीडीवर तेच पन्नास एमबीच्या आसपास असतं, म्हणजे मधलं काहीतरी कापलं जातंच ना. गळ्याला फार फरक पडत नाही पण खंजिरीच्या झांजा पार मेल्यासारख्या वाटतात. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या विदर्भात तरी हे समजावून सांगायची गरज पडू नये.

आता घेणाऱ्याचं बघा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा, पुस्तकांच्या स्टॉलच्या बाजूला भीमगीतांचे स्टॉल, आधी कॅसेटी, मग सीडी, आता पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. वामनदादा कर्डकांची गाणी अशाच स्टॉलवरून पिशवीत बसून गावोगाव गेली. यवतमाळ, नांदेडकडून आलेला म्हातारा माणूस पन्नास-शंभर रुपये देतो आणि वस्तू घेऊन जातो, त्याला ओटीपी आणि पासवर्ड कोण समजावणार, आणि त्या गर्दीत नेटवर्क तरी कुठे असतं. फक्त ऑनलाइन केलं की हा माणूस सरळ बाहेर पडला.

सीडी म्हणजे अमर असं नाही, नागपूरच्या मे महिन्यात गाडीत विसरलेल्या कॅसेटी वाकड्या झालेल्या मी पाहिल्यात आणि आता नवीन लॅपटॉपला सीडी लावायची जागाच नसते, हे कबूल. डाउनलोड तरी बरं, फाइल आपल्या हातात येते, नुसतं स्ट्रीमिंग म्हणजे त्यांनी काढलं की आपल्याकडून गेलं. म्हणून आमच्या मंडळात मी असं म्हणते की ऑनलाइन जरूर टाका, पण चांगल्या मोठ्या फाइलचा पर्याय ठेवा, सोबत शब्द आणि सगळ्यांची नावं असलेला एक कागद पीडीएफमध्ये द्या, शंभर पेन ड्राइव्ह स्टॉलसाठी काढा आणि एक-एक कॉपी वेगवेगळ्या घरी ठेवा. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावीच लागते, गाण्यांना तो कायदा लागू नाही. मग आपणच एक प्रत झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघात नेऊन द्यावी, ते ठेवून घेतील का हे विचारायला मी पुढच्या आठवड्यात जाणारच आहे.

तुमच्याकडे एक विनंती आहे. पुरवणीत नवीन अल्बमची ओळख छापता तेव्हा लिंकच्या खाली दोन ओळी जास्तीच्या द्या, वाजवणाऱ्यांची नावं आणि वस्तू म्हणून तो अल्बम कुठे मिळेल ते. त्या मुलाखतीत गायकाच्या बाजूला तबला घेऊन बसलेल्या मुलाचा फोटो होता, त्याचं नाव मी पूर्ण पान शोधलं, मिळालं नाही.

तुमची एक जुनी वाचक,
नंदनवन, नागपूर