केमोचा निर्णय रुग्णासमोर व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या कार्तिकात माझ्या पत्नीच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची शस्त्रक्रिया येथे इंदूरमध्ये झाली. तिचे वय 67 आहे. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आठवड्याभरात आम्ही सुदामानगरला घरी आलो आणि आता सुटलो, असेच घरात सर्वांना वाटले. पॅथॉलॉजीचा अहवाल आणायला मी आणि मुलगा गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या चाळला, सहा महिने केमो घ्यावी लागेल असे सांगितले आणि वर "माताजी को अभी कुछ मत बताइए, घबरा जाएँगी" अशी सूचना केली. आम्ही मान डोलावली. ही ताकदीची सलाइन आहे असे तिला सांगायचे, हे आम्ही बापलेकांनी जिन्यापाशी उभे राहून ठरवले आणि संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून मी सही केली. त्या सहीचा मला मनापासून खेद आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी पत्नी तीस वर्षे शाळेत गणित शिकवत होती. तिने दुसऱ्याच दिवशी कपाटातून फाइल काढून अहवाल वाचला आणि तपासलेल्या 17 लसिकाग्रंथींपैकी (लिम्फ नोड्स) 2 मध्ये रोग आढळल्याच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवली. मी बाजारातून आलो तेव्हा ती फाइल मांडीवर घेऊनच बसली होती. रागावली नाही. "अहो, काहीच घेतले नाही तर माझ्यासारख्या शंभर जणींपैकी किती जणी बऱ्या राहतात, आणि केमो घेतली तर किती? एवढेच विचारायचे आहे, मला घेऊन चला," इतकेच म्हणाली.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला समोर बसवून या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते उत्तर अशा प्रत्येक घराला मिळायला हवे असे मला वाटते. शस्त्रक्रियेनंतरची केमो ही दिसणाऱ्या गाठीसाठी नसते, कारण ती गाठ काढलेली असते. कुठे तरी उरल्या असतील अशा, कोणत्याही तपासणीत न दिसलेल्या पेशींसाठी ती असते. लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगात शंभरांपैकी सुमारे निम्मे रुग्ण केवळ शस्त्रक्रियेनेही बरे राहतात, आणखी पंधरा-वीस जण केमोमुळे वाचतात आणि उरलेल्यांना केमो घेऊनही रोग परत होतो. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत हे बहुतेकदा आधी कळत नाही. औषधाचा कालावधीही दगडावरची रेघ नसतो, हे आम्हाला तेव्हाच कळले. सहा चाचण्यांमधील 12,834 रुग्णांची माहिती एकत्र करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, तीनपर्यंतच ग्रंथींमध्ये रोग असेल आणि गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर फार गेलेली नसेल, तर ऑक्सॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या औषधांच्या जोडीचे तीन महिने जवळजवळ सहा महिन्यांइतकेच काम करतात, आणि नसांना होणारा त्रास पुष्कळ कमी होतो. पहिल्या ठिकाणी याचा उच्चारही झाला नव्हता.

तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी तीन महिन्यांची केमो घेते असे सांगितले. ती नाही म्हणाली असती तरी तो तिचाच अधिकार होता, हे मला त्या रात्री पहिल्यांदा पटले.

ग्वाल्हेरच्या माझ्या मावसबहिणीचा रोग दुसऱ्या टप्प्यातला होता. तिला नातेवाइकांनी केमोसाठी फार गळ घातली. पण त्या टप्प्यात केमोचा फायदा शंभरांत तीन-चार जणांपुरताच असतो आणि आतडे फुटले होते का, बंद पडले होते का, निदान 12 ग्रंथी तपासल्या गेल्या का, गाठीच्या पेशींतील डीएनए-दुरुस्ती नीट चालते का हे पाहणारी एमएमआर चाचणी काय सांगते, यांवर सारे अवलंबून असते. हे सर्व पाहून तिने केमो घेतली नाही. रोगाचे नाव एकच असले तरी दोघींचे हिशेब वेगळे होते.

न सांगण्यात धोकाही आहे. दुसऱ्या फेरीनंतर, ऐन थंडीत, सकाळी पाण्याचा तांब्या उचलताच माझ्या पत्नीच्या बोटांत सुया टोचल्यासारखे झाले आणि तांब्या हातातून सुटला. हा ऑक्सॅलिप्लॅटिनचा परिणाम आहे हे तिला ठाऊक असल्याने तिने तो वहीत लिहून डॉक्टरांना सांगितला, आणि पुढच्या फेरीत औषधाची मात्रा कमी झाली. केमो चालू असताना 100.4 अंशांच्या वर ताप गेला तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचे असते. आपण ताकदीची सलाइन घेत आहोत असे समजणारी बाई मात्र क्रोसिन घेऊन पडून राहील.

समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाईक संमती देऊ शकत नाहीत, आणि उपचाराचे फायदे, धोके, पर्याय व नकाराचे परिणाम रुग्णाला सांगितलेच पाहिजेत. तरीही आमच्यापुढे कागद सरकवला गेला आणि मीही तो भरला. घाई करण्याचे कारणही नसते. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी असे मानतात, तेवढ्या अवधीत अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घेऊन परत येता येते.

इंदूरच्या सरकारी आणि आयुष्मान योजनेतील रुग्णालयांनी केमोचे संमतीपत्र हिंदीत छापावे, त्यात केमो घेतल्यास आणि न घेतल्यास शंभरांपैकी किती, हे दोन आकडे डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने भरावेत आणि त्याखाली रुग्णाचीच सही घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सुदामानगर, इंदूर