अर्धं कार्ड तुझ्यासाठी

कोल्हापूर,
आषाढ, भर पावसात

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "ब्रश धुऊन माळ्यावर टाकले. हात कापतो रे. सरळ रेघ येत नाही." मी तेव्हा काही बोललो नाही. तब्येतीचं विचारलं, वहिनींना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. पण तुझं ते बोलणं तेव्हापासून मनातून जात नाही. मला जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला. चष्मा लावून बस, पत्र मोठं आहे.

आधी एक सांग, पाकीट नीट पाहिलंस का? घाईनं फाडलं असशील तर पत्र बाजूला ठेव आणि ते हातात घे. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं जूनचं पान आहे ते. दुधाचे खाडे मांडलेले तसेच ठेवलेत, नऊ तारखेला अर्धा लिटर जादा घेतलंय तेही दिसेल. मैद्याची खळ करून चिकटवलंय, आपण शाळेत पतंगाला करायचो तशीच, चिमूटभर मोरचूद घालून. मागच्या बाजूला बेडकांची रांग आहे. तो शिक्का मी खोडरबर कोरून केलाय. आणि तिकिटावरचा गोल शिक्का बघ, किती स्वच्छ उठलाय! पेटीत न टाकता खिडकीवर नेऊन दिलं आणि "जरा हळू हातानं मारा" म्हणून विनंती केली. तिथल्या बाईंनी शाई नीट लावून, कागद सपाट करून मारला.

याला टपालकला म्हणतात, मेल आर्ट. अडीच वर्षं झाली मी यात आहे. तुला सांगायचं राहून गेलं, खरं म्हणजे सांगायला संकोच वाटत होता. आठवीत आपण दोघं एलिमेंटरीला बसलो. तुला ए ग्रेड मिळाली, मला सी. स्मरणचित्रातल्या माझ्या बैलाकडे बघून परीक्षक पुढे सरकले ते मला अजून दिसतं. तू ड्रॉइंग मास्तर झालास, मी बँकेत चिकटलो आणि पस्तीस वर्षं सहीखेरीज कागदावर काही काढलं नाही. आता तुझ्यापुढे "मी चित्रं काढतो" असं कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? पण या कामात ग्रेड नाही. टपालकलेचं प्रदर्शन भरवणारा जे येईल ते सगळं लावतो. निवड नाही, बक्षीस नाही, प्रवेश फी नाही. चित्र परत मिळत नाही, पण भाग घेतलेल्या प्रत्येकाला सगळ्यांची यादी पाठवायची, ही रीत. पैसा मध्ये आणायचाच नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला.

हे सगळं सुरू केलं त्यात रे जॉन्सन या अमेरिकन चित्रकाराचं नाव पहिलं घेतात. १९२७ साली डेट्रॉइटमध्ये जन्मला, न्यूयॉर्कमध्ये राहिला. गॅलरीत चित्र लावण्यापेक्षा तो कापाकापी करून चिकटवलेले कागद ओळखीच्या-अनोळखी माणसांना पोस्टानं पाठवायचा. वर लिहायचा, यात भर घाला आणि परत पाठवा. या जाळ्याला पुढे शाळा म्हणू लागले, न्यूयॉर्क करस्पॉण्डन्स स्कूल, आणि त्यातल्या पत्रव्यवहाराच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'डान्स' घातलेला. पत्रांचा नाच! १९७० साली तिथल्या व्हिटनी म्युझियमनं या शाळेचं प्रदर्शन भरवलं, तर यानं काय लावावं? आपलं काम बाजूला ठेवून इतरांनी पाठवलेली पत्रं. मला हा माणूस त्याच एका गोष्टीसाठी आवडतो.

आणखीही भारी लोक आहेत. ओन कावारा नावाचा जपानी चित्रकार १९६८ ते १९७९ रोज दोन जणांना पिक्चर पोस्टकार्ड टाकायचा. त्यावर रबरी शिक्क्यानं एवढंच, आज मी अमुक वाजता उठलो. फ्रान्सच्या बेन व्होतिएनं १९६५ मध्ये एक कार्ड काढलं, दोन्ही बाजूंना पत्त्याची जागा. पुढे एकाचा पत्ता घालायचा, मागे दुसऱ्याचा. कुणाला द्यायचं ते पोस्टमननं ठरवायचं. आणि उरुग्वेमध्ये लष्करी राजवट असताना क्लेमेंते पादीन या कवी-कलाकाराला याच कामापायी १९७७ साली तुरुंगात टाकलं, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी देशोदेशीच्या टपालकलाकारांनी पत्रांवर पत्रं पाठवली. त्यातल्या बहुतेकांनी त्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नसेल.

तू म्हणशील ही सगळी तिकडची थेरं. अजिबात नाही. आपल्या घरी लग्नपत्रिका यायची तिच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं असायची. पत्रिका वाचायच्या आधी आई हसायला लागायची. आणि कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वडील ते उभ्यानंच वाचायचे आणि घरात न आणता फाडून टाकायचे. एक अक्षर वाचण्याआधी कागद बोलायचा, ही कला नव्हे तर काय? तुझी आजी कार्ड भरलं की समासात, मग पत्त्याच्या बाजूला, मग उलटं धरून ओळींच्या मधून लिहायची, ते तूच मला दाखवलं होतंस. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आपल्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवायचे. झाड, बकरी, वाटेवरची माणसं, चार फटकाऱ्यांत. आणि हे पिनकोडचे सहा आकडे आपण रोज लिहितो, ते १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी आणि संस्कृतातले कवी! हे कळल्यापासून मी पिनकोड घाईनं लिहीत नाही.

आता माझं काम कसं चालतं ते सांगतो. आईचं पायाचं शिलाई मशीन आठवतं ना? ते मी तिकिटं करायला घेतलंय. खरी नव्हेत, चित्रांची. एका कागदावर चौकटी आखून प्रत्येकीत रंकाळ्यावरचा एकेक बगळा काढला. मग मशीनमध्ये दोरा न ओवता, टाका मोठा करून, कागद सुईखाली सरकवत नेला. दोरा नाही, नुसती सुई. टकटक करत भोकांची रांग पडत जाते, बोटांनी ओढलं की तिकीट कुरकुर आवाज करत सुटतं आणि कडेला तेच दाते. पहिल्यांदा ते सुटलं तेव्हा मी मशीनसमोर कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. आईनं त्या मशीनवर सगळ्या गल्लीची झबली शिवली होती. ही तिकिटं मी पाकिटाच्या मागेच लावतो, पुढे उजव्या कोपऱ्यात खरंच तिकीट. त्यात गल्लत करायची नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. एकदा महिनाभर खपून केलेलं घडीचं पुस्तक ब्राझीलला धाडलं, ते पाच महिन्यांनी माझ्याच दारात परत. पत्त्यावर माणूस अनोळखी, अशी खूण केलेलं फ्रेंचमधलं लेबल त्यावर. पाणी लागून निळी शाई पानभर पसरलेली, एक कोपरा कशात तरी अडकून फाटलेला. पहिले दोन दिवस फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं आणि बघतच राहिलो. मी काढलेली नदी काठ सोडून वाहत होती. एवढं पाणी माझ्या हातानं मला कधी जमलं नसतं. त्याला धक्का न लावता तसंच नव्या पाकिटात घालून पोर्तुगालच्या एका बाईंना पाठवलं. त्यांनी त्या फाटक्या कोपऱ्याला लाल दोऱ्यानं टाके घातले आणि फोटो पाठवला. आता ते पुस्तक त्यांच्याकडे आहे, पुढे कुठे जाईल ते त्या ठरवतील.

यातला खरा आनंद मात्र दुपारी बाराच्या सुमाराचा. आमचे पोस्टमन फाटकातूनच हाक मारतात, "काका, आज जपान आलंय!" मग मी पाकीट लगेच उघडत नाही. पायरीवर बसून आधी सगळ्या बाजूंनी फिरवून बघतो, वास घेतो. कुणीतरी, जिला माझं तोंडही माहीत नाही, चार रात्री बसून हे केवळ माझ्यासाठी केलंय. प्रत नाही, दुसरं नाही. ते करून तिनं पेटीत टाकलं आणि हात रिकामे केले. असं हात रिकामे करणं मला या वयात शिकायला मिळालं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जपानमध्ये चित्रपत्रांचा एक प्रकार आहे, एतेगामी. ए म्हणजे चित्र, तेगामी म्हणजे पत्र. तेगामी लिहिताना त्यांची चिन्हं दोन, हात आणि कागद. पोस्टकार्डावर एखादी भाजी, फळ, फूल, समोर असेल ते काढायचं, एवढं मोठं की कार्डाबाहेर जावं, आणि बाजूला चार शब्द. त्यांचं ब्रीद असं की वेडंवाकडं चालेल, वेडंवाकडंच चांगलं. आणि ऐक, ते ब्रश कसा धरतात ठाऊक आहे? टोकाला, पार वरच्या शेंड्याला, उभा. आणि रेघ गोगलगायीच्या चालीनं ओढायची. का, तर हात थरथरावा, रेघ कापावी म्हणून! सरळ, गुळगुळीत रेघ त्यांना नकोच असते. त्या कापऱ्या रेघेत माणूस दिसतो, म्हणतात.

मी वर्षभर तसा ब्रश धरतोय. माझी रेघ मुद्दाम कापवलेली आहे हे बघणाऱ्याला कळतं. तुझी तशी नसणार. मास्तर म्हणून तीस वर्षं फळ्यावर एका हातात गोल काढणाऱ्या माणसाची रेघ आता कापत असेल, तर तिच्यात काय काय असेल याची मला कल्पनाही करवत नाही. ती मला बघायची आहे. माळ्यावरचे ब्रश खाली काढ, एवढंच मागतो.

आत एक कार्ड ठेवलंय. डाव्या अर्ध्यात काटेरी वांग्याचं देठ आणि अर्धं वांगं मी काढलंय, रंगवलंय. उजवी बाजू कोरी आहे. पुढचं वांगं तू काढ, किंवा वांगं नसलं तरी चालेल, तुझ्या दारची फणसाची पानं काढ. दोन महिने लागले तरी लागू देत. फक्त खोडरबर वापरू नकोस आणि पाकिटात घालू नकोस, उघडंच टाक. वाटेत त्याच्यावर काय उमटेल ते मला हवंय.

वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा. लोभ आहेच.

तुझाच

ता. क. कार्डावर तिकीट लावलंय, माझा पत्ता घातलाय. तुमच्याकडे पाऊस जास्त आहे, रंग वाळला नसला तरी वाट बघत बसू नकोस, तसंच टाक.